२००३ च्या सुपरचार्ज्ड कोब्राला पेट्रोलच्या दोन पंपांचा रिटर्न सेटअप (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत आणणारा) बसवला, त्याचा रिव्ह्यू (वायरिंगसकट)

आधीच सांगून टाकते, पैसे वसूल झाले. पुन्हा करायची वेळ आली तरी हेच करेन. फक्त लोक या गोष्टी ज्या क्रमाने विकत घेतात तो क्रम मला अजिबात पटत नाही आणि एवढं लांबलचक लिहायला बसले त्याचं कारण तेच आहे. सगळे आधी पंप घेतात, मोठ्यात मोठा आकडा बघून, मग तो जुन्याच वायरीवर जोडतात आणि मग विचारत बसतात की एवढा मोठा पंप टाकूनही वरच्या आरपीएमला गाडी लीन का जाते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी का पडतं.

गाडी २००३ ची एसव्हीटी मस्टँग कोब्रा, जिला सगळे टर्मिनेटर म्हणतात ती. आम्ही मिशिगनमध्ये कँटनला राहतो आणि ही गाडी इथून अर्ध्या तासावर डिअरबॉर्नच्या कारखान्यात बनली, इंजिन रोमिओच्या प्लांटमध्ये दोन दोन माणसांच्या जोडीने हाताने जुळवलेलं, त्या दोघांच्या सह्यांची पट्टी अजून इंजिनावर आहे. ४.६ लिटर, ३२ व्हॉल्व्ह, लोखंडी ब्लॉक, मॅनलीचे फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड, आणि वर ईटनचा एम११२ सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा), ८ पीएसआय बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब, कंपनीचा आकडा ३९० हॉर्सपॉवर. फोर्डच्या लोकांनी खालचा भाग इतका दणकट केलाय की सुपरचार्जर जोरात फिरावा म्हणून त्याची पुली बदलून, सुपरचार्जर बदलून माणसं या इंजिनातून जवळजवळ दुप्पट ताकद काढतात आणि ब्लॉक, क्रँक, रॉड सगळं ते सहन करतं. सहन होत नाही ते पेट्रोल कमी पडणं. लीन झालं की डेटोनेशन (पेट्रोल अवेळी भडकणं, यालाच नॉक म्हणतात), आणि डेटोनेशन झालं की पिस्टनची रिंगांमधली कड तुटते नाहीतर पिस्टन वितळतो, तिथे लोखंडी ब्लॉक काहीच वाचवू शकत नाही. म्हणून माझ्या मते या गाडीत पहिला खर्च पेट्रोलच्या पुरवठ्यावर करावा, पुली आणि बाकीचं सगळं नंतर.

आता मूळ सिस्टिम काय होती ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. या गाडीत रिटर्नलेस सिस्टिम आहे, म्हणजे टाकीतून इंजिनकडे एकच नळी जाते, जास्तीचं पेट्रोल परत यायला दुसरी नळीच नाही. टाकीत एकाच हॅटवर, म्हणजे टाकीच्या वरच्या झाकणावर, दोन छोटे पंप, आणि दोघांना मिळून डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे एक ड्रायव्हर मॉड्यूल बसवलेलं. फ्युएल रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) एक सेन्सर असतो, त्याला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणारा भाग) व्हॅक्यूम नळी जोडलेली, तो रेलमधलं प्रेशर आणि मॅनिफोल्डमधलं प्रेशर यातला फरक मोजतो. हा फरक ४० पीएसआयच्या आसपास राहावा म्हणून कॉम्प्युटर त्या मॉड्यूलला सांगतो की पंप जोरात फिरव नाहीतर हळू फिरव. फोर्डने हे उगाच नाही केलं, इंजिनाच्या उष्णतेत तापलेलं पेट्रोल टाकीत परत गेलं की वाफ जास्त होते, ती वाफ कमी करायला हा उपाय होता आणि ३९० हॉर्सपॉवरसाठी तो उत्तम चालतो. मी त्याला नावं ठेवणार नाही, मूळ ताकदीवर ज्यांची गाडी आहे त्यांनी याला हातही लावू नये.

एक गोष्ट मात्र माहीत असू द्या कारण लॉग, म्हणजे कॉम्प्युटरमधली गाडी चालतानाची नोंद, वाचताना हमखास गोंधळ होतो. या फोर्ड सिस्टिममध्ये कॉम्प्युटर मॉड्यूलला जो ड्यूटी सायकल (पंप किती टक्के जोराने फिरवायचा तो आकडा) पाठवतो त्याच्या दुप्पट पंपाला मिळतो, म्हणजे लॉगमध्ये ५० टक्के दिसलं की पंप पूर्ण १०० टक्क्यांवर आहे, पुढे काही शिल्लकच नाही. लोक ४८, ४९ बघतात आणि म्हणतात अजून निम्मा पंप बाकी आहे. काहीही बाकी नाही, तुम्ही तळाला पोचलात.

माझ्या गाडीत आधी केन बेलचं बूस्ट-अ-पंप होतं, त्याबद्दल प्रामाणिकपणे लिहिते कारण बऱ्याच जणांना तेवढंच पुरेल. हे छोटं खोकं इनर्शिया स्विच (अपघाताचा धक्का बसला की पंप बंद करणारा) आणि ड्रायव्हर मॉड्यूल यांच्यामध्ये बसतं आणि बूस्ट आला की पंपाला मिळणारं व्होल्टेज १७.५ पर्यंत वाढवतं. पंप म्हणजे शेवटी डीसी मोटर, व्होल्टेज वाढलं की जोरात फिरते, जास्त पेट्रोल देते. प्रेशर स्विचवर असतं म्हणून रोजच्या चालवण्यात पंपाला त्रास नाही. टाकी उतरवायची गरज नाही, एका दुपारी बसवून होतं, आणि ईटनवर पुली बदललेल्या, पेट्रोल पंपावर मिळणारं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल पिणाऱ्या कोब्राला हे खरंच पुरतं. माझ्या गाडीत ईटन असेपर्यंत याने कधीच दगा दिला नाही. घेताना २० अँपिअरचं घ्यायचं की ४० चं हे मात्र दोन पंप आहेत हे लक्षात ठेवून ठरवा.

मग ईटनच्या जागी व्हिपलचा २.३ लिटरचा ट्विनस्क्रू सुपरचार्जर आला, बूस्ट १८ पीएसआयपर्यंत गेला आणि त्याच वेळी ई८५ वर, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावर, जायचं ठरलं. इथे बूस्ट-अ-पंपचा विषय संपला. का संपला ते आकड्यांत बघू, हे गणित कुणीही वहीच्या पानावर करू शकतं आणि पंप घ्यायच्या आधी प्रत्येकाने करावंच.

सुपरचार्जरवाल्या इंजिनाला एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण ०.६० ते ०.६५ पौंड पेट्रोल लागतं. टर्बोपेक्षा हे जास्त असतं कारण सुपरचार्जर स्वतः फिरायला क्रँकमधूनच ताकद घेतो, ती ताकद चाकापर्यंत येत नाही पण तिचं पेट्रोल तर जळतंच. क्रँकला ७०० हॉर्सपॉवर धरले तर ०.६३ ने ४४१ पौंड म्हणजे २०० किलो, लिटरमध्ये तासाला २७० च्या आसपास. हे झालं पेट्रोलचं. ई८५ मध्ये त्याच ताकदीला साधारण एक तृतीयांश जास्त इंधन लागतं, म्हणजे ३६० लिटर. आता तुम्ही म्हणाल बाजारात ४५० लिटरचा पंप मिळतो मग एकच घेतला की झालं. इथेच सगळे फसतात.

डब्यावरचा ४५० हा आकडा ४० पीएसआय प्रेशरला आणि १३.५ व्होल्टला असतो. सुपरचार्जरवाल्या गाडीत इंजेक्टरच्या तोंडाशी बूस्ट उलटा ढकलत असतो, म्हणून रेलमधलं प्रेशर बूस्टइतकंच वाढवावं लागतं, ४० अधिक १८ म्हणजे ५८ पीएसआय. प्रेशर वाढलं की प्रत्येक पंपाचा फ्लो उतरतो, हा काही त्या पंपाचा दोष नाही, सगळ्यांचाच उतरतो. ५८ ला तोच पंप चारशेच्या आसपास येतो. आणि हे सगळं पंपाच्या पिनेवर १३.५ व्होल्ट मिळत असतील तर. मिळतात का? माझ्या गाडीत जुन्या वायरिंगवर, फुल थ्रॉटलला, हॅटच्या कनेक्टरवर मोजलं तेव्हा ११.६ होते. अल्टरनेटरवर त्याच वेळी १३.८. दोन व्होल्टच्या वर वाटेत गेले.

ज्यांचं गावी शेत आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, विहिरीवरची मोटर तीच असते पण लाइट कमी दाबाने आली की पाइपातून पाण्याची धार बारीक होते, तेव्हा कुणी नवी मोटर आणत नाही. गाडीत मात्र सगळे मोटरच बदलत सुटतात.

वायरीचं गणितही सोपं आहे. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. १४ गेजच्या तांब्याच्या वायरीला दर फुटाला अडीच मिलिओहम रेझिस्टन्स, १० गेजला एक. बॅटरी पुढे, टाकी मागे, वायर १५ फूट धरा, २० अँपिअर करंट. १४ गेजमध्ये पाऊण व्होल्ट जातो, १० गेजमध्ये ०.३. अर्थिंगची बाजू बारीक असेल तर तिकडे तेवढाच परत जातो. त्यात रिले (छोट्या सिग्नलने मोठा करंट चालू करणारा स्विच), फ्यूज, इनर्शिया स्विच, कनेक्टर, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळतं. आणि मोठ्या पंपाला करंट जास्त लागतो म्हणून तीच वायर मोठ्या पंपाला आणखीच कमी व्होल्टेज पोचवते! म्हणजे पंप मोठा केला आणि वायर तीच ठेवली तर निम्मा फायदा त्या वायरीतच गरम होऊन जातो. हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा.

तर आता मी काय काय घेतलं. दोन पंप, वॉल्ब्रो ४५०, सगळे वॉल्ब्रोच म्हणतात पण डब्यावर टीआय ऑटोमोटिव्ह असतं, कारण वॉल्ब्रोचा तो धंदा आता त्यांच्याकडे आहे. पार्ट नंबर एफ९००००२६७. ई८५ ला चालणारा हाच, जुना २५५ चा जो सगळ्यांच्या तोंडी आहे तो इथेनॉलसाठी बनवलेला नाही. नकली माल भरपूर आहे बाजारात, ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसला की समजा नकली आहे, डबा हुबेहूब असतो, आत दुसरंच. ओळखीच्या, नाव असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, यात वीस चाळीस डॉलर वाचवून काही मिळत नाही.

दोन पंपांची नवी हॅट, बिलेट ॲल्युमिनियमची. हॅट म्हणजे टाकीचं वरचं झाकण ज्याला पंप लटकतात आणि ज्यातून नळ्या आणि वायरी बाहेर येतात. मूळ हॅटच्या पिना एवढ्या करंटसाठी नाहीतच, मोठे पंप जोडले की तिथलं प्लॅस्टिक वितळतं. नव्या हॅटमध्ये प्रत्येक पंपाला स्वतंत्र जाड बोल्टसारखे टर्मिनल आहेत, मला ही या सगळ्या सेटमधली सर्वात आवडलेली वस्तू वाटली, मशिनिंग स्वच्छ, ओ-रिंग नीट बसते, फ्लोट आणि इंधनाचा काटा जुनाच जोडता आला आणि काटा बरोबर दाखवतो. हे लहान वाटेल पण काटा चुकीचा दाखवणाऱ्या हॅटबद्दल मी इतक्या जणांकडून ऐकलंय की मला त्याचीच धास्ती होती.

वायरिंगचा तयार किट एका कंपनीचा आला, नाव घेत नाही. त्यात १० गेज लिहिलेलं होतं, पण सोलून बघितलं तर वरचं रबर जाड आणि आतलं तांबं कमी. ते परत पाठवलं आणि चांगली बोटींसाठी बनवलेली, कथलाचा मुलामा दिलेली १० गेज वायर घेऊन हार्नेस स्वतः बनवला. प्रत्येक पंपाला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. अर्थिंग तिथेच मागे, रंग खरवडून चेसिसला, दोन पंपांचे दोन पॉइंट. क्रिंप चांगल्या पक्कडीने, हातोडीने ठोकून नाही. एवढ्या करंटला एक ढिला क्रिंप पुरतो, आणि तो ढिला क्रिंप टाकीच्या डोक्यावर असतो हे विसरू नका.

रिलेला चालू करायचा सिग्नल कुठून घ्यायचा यावर मी ठाम आहे. ड्रायव्हर मॉड्यूलला जी मूळ पॉवरची वायर जाते ती इनर्शिया स्विचमधून आलेली असते, रिले त्याच वायरीने चालू करा. म्हणजे देव न करो पण अपघात झाला तर तो स्विच पडतो आणि पंप बंद होतात. काही जण डॅशबोर्डवर एक टॉगल बटण लावून थेट पंप चालू करतात, दिसायला छान दिसतं, पण गाडी उलटली तर टाकीतलं सगळं इंधन फुटलेल्या नळीतून बाहेर ओतत राहील. हे कुणीही करू नका, रेसट्रॅकवरसुद्धा नको.

पुढे एअरोमोटिव्हचा बूस्ट रेफरन्स रेग्युलेटर (बूस्टप्रमाणे रेलमधलं प्रेशर ठरवणारा), इंजिनच्या डब्यात. यातून जास्तीचं इंधन नव्या रिटर्न नळीने टाकीत परत. एकास एक, म्हणजे एक पीएसआय बूस्ट वाढला की रेलमध्ये एक पीएसआय वाढणार. सेट करताना व्हॅक्यूमची नळी काढून, पंप चालू ठेवून ४० वर आणायचा आणि लॉकनट घट्ट करायचा. त्या छोट्या रेफरन्स नळीला दोन्हीकडे क्लिप लावाच लावा, बूस्टमध्ये ती निघाली तर रेल ४० वरच अडकते आणि इंजेक्टरला १८ पीएसआय कमी पडतात. पुढे जाणारी नळी एएन ८, परत येणारी एएन ६ (आकडा मोठा तितकी नळी मोठी), आतून पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन असलेली, रबरी नाही. रबरीतून ई८५ चा वास गॅरेजभर सुटतो आणि आमचं गॅरेज घराला लागून आहे.

इंजेक्टरचं थोडक्यात, मूळ तासाला ३९ पौंड देणारे होते, ई८५ वर ७०० ला ते कुठल्या कुठे राहतात, मिनिटाला १००० सीसीच्या वरचे लागतात. तो वेगळा विषय आहे.

बसवण्याबद्दल. या मस्टँगमध्ये टाकी डिकीच्या खाली, मागच्या ॲक्सलच्याही मागे, आणि हॅट टाकीच्या डोक्यावर, म्हणजे टाकी उतरवल्याशिवाय इलाज नाही. डिकीचा पत्रा कापून वरून भोक पाडायचा सल्ला खूप जण देतात, मला तो पटत नाही, प्रवासी आणि टाकी यांच्यातली ती एक भिंत आहे, तिला कापू नये. काटा जवळजवळ रिकाम्यावर आणायचा, मग इनर्शिया स्विचचं कनेक्शन काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडेपर्यंत, म्हणजे नळीतलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीचं निगेटिव्ह. मग फिलर नेक, मग दोन पट्टे. खाली ट्रान्समिशन जॅक आणि वर एक माणूस, एकट्याने करू नका. माझा दीर आला होता मदतीला, तो पुण्यात असताना स्कूटरच काय ती खोलायचा पण इथे येऊन पक्का मेकॅनिक झालाय, त्याच्यामुळे शनिवार रविवारात झालं. पेट्रोलच्या वाफा खाली बसतात म्हणून गॅरेजमधला वॉटर हीटर आधी बंद करा, त्याची पायलट ज्योत जमिनीजवळच असते. दार उघडं, पंखा बाहेरच्या बाजूला.

आता टाकीच्या आतली नळी. हॅट आणि पंप यांना जोडणारी वीतभर नळी इंधनात बुडालेली राहणार, तिला एसएई जे३० आर१० लिहिलेलीच हवी. दुकानात जी नेहमीची फ्युएल इंजेक्शनची नळी मिळते ती आर९, तिला आतून इंधन चालतं, बाहेरून बुडवून ठेवलेली चालत नाही, ती बाहेरून फुगते, मऊ पडते आणि एक दिवस फाटते. फाटली की पंप छान फिरत असतो, आवाजही येत असतो, आणि सगळं इंधन टाकीतल्या टाकीत फिरत राहतं, रेलला प्रेशर नाही. आर१० महाग आहे, फुटाला कितीतरी पट, तरी तीच घ्या.

दुसरा पंप कायम चालू ठेवलेला नाही. दोन्ही पंप आयडलवर चालले तर नऊशे लिटर इंधन इंजिनच्या डब्यातून गरम होऊन परत टाकीत येत राहणार, थोड्या वेळात अख्खी टाकी कोमट, आणि कोमट इंधनात पंपाच्या तोंडाशी बुडबुडे. म्हणून पहिला पंप नेहमी, दुसरा बूस्टच्या प्रेशर स्विचवर, माझा ५ पीएसआयला चालू होतो. बंद असलेल्या पंपातून इंधन उलटं टाकीत जाऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह लागतो, तो पंपात किंवा हॅटमध्ये आहे याची घेतानाच खात्री करून घ्या. आणि दुसरा पंप खरंच चालू झाला हे कळायला डॅशवर एक छोटा दिवा लावलाय, रिलेच्या सिग्नलवर नाही तर पंपाकडे जाणाऱ्या वायरीवर. फ्यूज उडाला तर दिवा लागत नाही आणि पाय आपोआप वर येतो.

ट्यूनिंगमध्ये कॉम्प्युटरला सांगावं लागतं की आता प्रेशर तुझ्या हातात नाही, नाहीतर तो ड्रायव्हर मॉड्यूल शोधत बसतो आणि चेक इंजिन लागतं. रेलवरचा मूळ सेन्सर मी काढला नाही, फक्त लॉगिंगसाठी ठेवला, कारण प्रेशर दाखवणारा एवढा चांगला सेन्सर कंपनीने फुकट दिलेला आहे. हे काम दूरवरून लॉग बघून करणाऱ्या ट्यूनरकडून झालं आणि उत्तम झालं.

निकाल. आधी, बूस्ट-अ-पंपवर, ट्विनस्क्रू नवीन असताना मी कमी बूस्टवर ९३ पेट्रोलने एक लॉग घेतला होता, त्यात ५६०० आरपीएमच्या पुढे ड्यूटी ४९ ला टेकली आणि प्रेशरचा फरक ३९ वरून ३२ वर घसरत गेला, वाइडबँड (हवा आणि इंधन यांचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) ११.६ वरून १२.४ कडे, म्हणजे लीनकडे. तिथेच पाय काढला. आता १८ पीएसआयला, ई८५ वर, ६५०० पर्यंत फरक ४० च्या रेषेवर सरळ, जेमतेम एक पीएसआय इकडे तिकडे. आणि पंपाच्या टर्मिनलवर १३.२ व्होल्ट. मला सगळ्यात जास्त आनंद या १३.२ चा झाला, खरं सांगते, डायनोवरच्या (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) आकड्यापेक्षाही जास्त.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक प्रयोग करून बघितला, दुसऱ्या पंपाचा फ्यूज काढून, ९३ पेट्रोलवर, बूस्ट कमी करून. एकटा पंप चांगल्या वायरीवर आरामात पुरला. म्हणजे ज्यांना ई८५ वर जायचं नाही आणि चाकाला पाचशे हॉर्सपॉवरच्या आसपास हवेत, त्यांना एक पंप, एक रिले, चांगली १० गेज वायर आणि रेग्युलेटर यात भागतं, दोन पंपांचा खर्च करायची गरज नाही. दुकानदार हे सांगणार नाही.

आवाज. मूळ पंप ऐकू यायचे नाहीत, हे येतात. किल्ली फिरवली की मागून स्पष्ट गूं, रेडिओ बंद असेल तर चालवतानाही. मला चालतं, घरातल्यांना मागच्या सीटवर बसून फारसं आवडत नाही. टाकी पाव भरायच्या खाली जाऊ देत नाही, एकतर पंप इंधनातच थंड राहतो आणि दुसरं म्हणजे लांब वळणावर इंधन एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो, बूस्टमध्ये ते परवडणार नाही. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या गाड्यांच्या मोठ्या मेळाव्याला, गाडी नेली होती, म्हणजे भर उन्हात तासन्तास गोगलगायीसारखं सरकणं, पुढेमागे हजारो गाड्या. रिटर्न सिस्टिमची खरी परीक्षा तिथेच होते कारण गरम इंधन सारखं परत येतं. एक पंप चालू असल्याने काही त्रास झाला नाही, हॉट स्टार्टला एकदा किंचित जास्त क्रँक लागला इतकंच. दोन्ही पंप कायम चालू ठेवणाऱ्या एका ओळखीच्या गाडीला त्याच दिवशी बाजूला थांबावं लागलं.

ई८५ वाल्यांसाठी एक, इथल्या थंडीत पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल कमी करतात, नियमाप्रमाणे ते ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं. म्हणून टेस्टरची काचेची नळी गाडीत असतेच, ऑक्टोबरपासून प्रत्येक वेळी तपासते. भारतातल्या मंडळींना आता २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा अनुभव आहेच, मायलेज थोडं उतरतं ते याच कारणाने, लिटरमागे ऊर्जा कमी. इथे तेच मोठ्या प्रमाणात आहे, फरक एवढाच की बदल्यात नॉक होत नाही आणि हवा थंड मिळते, सुपरचार्जरला याहून दुसरं काय हवं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी मात्र काहीही घ्यायच्या आधी त्या पार्टला कार्बचा (कॅलिफोर्नियाचं हवा प्रदूषण मंडळ) ईओ नंबर, म्हणजे मंजुरी, आहे का ते बघा, मिशिगनमध्ये एमिशन टेस्ट नाही म्हणून आमचं निभतं.

खर्च, हॅट, पंप, रेग्युलेटर, नळ्या, फिटिंग, वायर सगळं धरून दोन हजार डॉलरच्या बराच वर गेला, मजुरी घरचीच. फिटिंगचा खर्च कुणी आधी धरत नाही, एकेक एएन फिटिंग करत करत तो एका पंपाच्या किमतीच्या वर जातो. यातली एक वस्तू कमी करायची म्हटली तर मी दुसरा पंप कमी करेन, वायर आणि रिले कधीच नाही. पैसे अगदी कमी असतील तर आधी फक्त वायर करा. मूळ पंपांसकटही चालतं, ड्रायव्हर मॉड्यूलला जाणारी पॉवर आणि अर्थिंग जाड करा, मल्टिमीटर लावून आधीचं आणि नंतरचं व्होल्टेज लिहून ठेवा, पन्नास साठ डॉलरमध्ये होतं. त्यानंतर लॉग घ्या आणि मग ठरवा पंप हवा की नको. मोठे दोन पंप मूळ ड्रायव्हर मॉड्यूलवर मात्र जोडू नका, त्याची तेवढा करंट झेपायची ताकद नाही.

आणि टाकी खाली आलीच आहे तर फिलर नेक जिथे टाकीत शिरतं तिथलं रबरी ग्रोमेट नवीन टाका. वीस वर्षांत ते कडक झालेलं असतं, नेक बाहेर काढताना तडकतं, आणि मग टाकी काठोकाठ भरली की तिथून झिरपतं, वास येतो, आणि तुम्ही नव्या हॅटवर संशय घेत परत सगळं खोलत बसता. ते लावताना कडेला थोडं साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.